दुरून गॅस दिसतो कसा: अंतर मोजण्याआधी मागे काय आहे ते बघा

प्रश्न असा आहे: कारखान्याच्या आवारात अमोनियाची मोठी टाकी, टोल्यूइन आणि ॲसिटोन या सॉल्व्हंटच्या (द्रावकांच्या) टाक्या, आणि एका कोपऱ्यात क्लोरीनचे सिलिंडर. इन्फ्रारेड कॅमेऱ्यात गळती धुरासारखी उसळताना दिसते असा व्हिडिओ प्रश्नकर्त्याने पाहिला. आता विचारणा अशी, की उंच मनोऱ्यावर असा एकच कॅमेरा बसवला तर किती अंतरावरची गळती कळेल, ती किती पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत गॅसचे किती भाग) आहे हे समजेल का, आणि मग जागोजागचे सेन्सर काढून टाकता येतील का.

शेवटच्या भागाचं उत्तर आधी देतो, कारण तिथे घाई महागात पडते: सेन्सर काढू नका. क्लोरीनचे तर मुळीच नाही, आणि त्याचं कारण पैशांचं किंवा कंपनीचं नाही, रेणूचं आहे. ते पुढे येईलच.

'किती अंतरावरून' हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक जण पहिला विचारतो. मीही सुरुवातीला तोच विचारायचो. पण याच उपकरणाने मला दोन-अडीच किलोमीटरवरचा विरळ ढग दाखवलाय आणि चाळीस मीटरवरच्या नळीतून फुसफुसणारा गॅस दाखवलेला नाही. दोन्ही वेळा उपकरण तंदुरुस्त होतं. फरक होता तो गॅसच्या मागे काय होतं याचा.

हे समजून घ्यायला थोडं मुळात जाऊ. आपल्या भोवतीची प्रत्येक वस्तू, भिंत, जमीन, झाड, टाकी, सतत इन्फ्रारेड प्रारण बाहेर टाकत असते. साधारण ३०० केल्व्हिन तापमानाला, म्हणजे रोजच्या हवेच्या तापमानाला, या प्रारणाचा शिखरबिंदू १० मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). सुदैवाने ८ ते १२ मायक्रॉनच्या पट्ट्यात हवा बऱ्यापैकी पारदर्शक आहे, ३ ते ५ मायक्रॉनच्या पट्ट्यातही बऱ्याच भागात आहे. या दोन खिडक्यांतूनच आपलं सगळं काम चालतं. आपला कॅमेरा स्वतः उजेड टाकत नाही. मागच्या भिंतीचा उजेड मधल्या गॅसमधून येताना त्यात काय बदल झाला, एवढंच तो पाहतो.

गॅसचा रेणू आपल्या ठरलेल्या तरंगलांबीचं प्रारण गिळतो. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. विसरलं जातं ते पुढचं अर्धं: जेवढं तो गिळू शकतो, तेवढंच तो आपल्या तापमानाप्रमाणे बाहेरही टाकतो. मागची भिंत गॅसपेक्षा गरम असेल तर गिळणं जास्त होतं आणि गॅस काळसर दिसतो. भिंत थंड असेल तर टाकणं जास्त होतं आणि गॅस उजळ दिसतो. दोघांचं तापमान सारखं असेल तर हिशेब चुकता होतो आणि गॅस नाहीसा होतो. गॅस तिथेच असतो, तुमच्या नाकात जातही असतो, पण कॅमेऱ्याला तो नसल्यासारखाच.

आकड्यात बघू. समजा गॅसच्या त्या थराने त्याच्या पट्ट्यातलं १ टक्का प्रारण गिळलं, आणि भिंत व गॅस यांच्यात २ अंशांचा फरक आहे. मग कॅमेऱ्याला दिसणारा बदल २ अंशांच्या १ टक्का, म्हणजे ०.०२ अंश. चांगल्या, थंड केलेल्या डिटेक्टरची गोंगाटपातळी, जिच्याखाली संकेत हरवतो, साधारण याच्याच आसपास असते. म्हणजे काठावरची स्थिती. आता फरक २ ऐवजी २० अंश करा, तोच गॅस दहापट ठळक होईल. दुप्पट महागडा कॅमेरा घेऊन हे साधत नाही, तो कुठे रोखायचा हे बदलून साधतं.

म्हणून मनोऱ्याबद्दल माझं मत थोडं उलटं आहे. मनोऱ्यावरून खाली पाहिलं की प्रत्येक टाकीच्या मागे जमीन येते. भर दुपारी तापलेली जमीन हवेपेक्षा बरीच गरम, म्हणजे फरक छान. रात्री उघड्या आकाशाखाली ती हवेपेक्षा थंड होते, तेव्हाही चालतं. पण गरमवरून थंडीकडे जाताना ती मध्ये कधीतरी हवेच्या बरोबरीला येणारच. साधारण सूर्योदयानंतर एकदा आणि सूर्यास्ताच्या आगेमागे एकदा. मी एका चाचणीत हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कॅमेरा बिघडला असंच वाटलं होतं. संध्याकाळी हळूहळू धूर विरत गेला, आम्ही झडप तपासली, नळी तपासली, सिलिंडर बदलला. पाऊण तासाने काहीही न करता धूर पुन्हा दिसू लागला, यावेळी काळ्याऐवजी पांढरा. बिघडलं काही नव्हतं. भिंतीने हवेला ओलांडलं होतं, एवढंच. ढगाळ दिवशी आणि पावसात तर ही बरोबरी तासन्‌तास टिकते.

याउलट कॅमेरा खाली बसवून टाकीच्या वरच्या कडेच्या पलीकडे आकाशाकडे रोखला तर? निरभ्र आकाश ८ ते १२ मायक्रॉनमध्ये, विशेषतः वर पाहताना, हवेपेक्षा कितीतरी अंशांनी थंड दिसतं. त्या पार्श्वभूमीवर साधारण तापमानाचा गॅसही चमकतो. क्षितिजाकडे नजर उतरवत गेलं की हा फायदा कमी होत जातो, कारण तिथे नजरेच्या वाटेत हवेचा खूप लांब थर येतो आणि आकाश हवेच्याच तापमानाचं वाटू लागतं. ढग असतील तर फरक काही अंशांवर येतो, पण ढगाचा तळ जमिनीलगतच्या हवेपेक्षा सहसा थंड असल्यामुळे अगदी शून्य क्वचितच होतो. अडचण एकच: जड गॅस जमिनीलगत पसरतो, तो आकाशासमोर येतच नाही. टोल्यूइन आणि ॲसिटोनची वाफ हवेपेक्षा जड असते. त्यांच्यासाठी खाली पाहणारी नजर हवीच. अमोनियाचा रेणू हवेपेक्षा हलका, पण द्रवरूपात साठवलेला अमोनिया उणे ३३ अंशांना उकळतो, त्यामुळे मोठ्या गळतीत तो थंडगार, धुक्यासारखा आणि सुरुवातीला जमिनीलाच चिकटून चालतो. ही थंडी एका अर्थी आपल्या फायद्याची, कारण गळतीच्या तोंडाशी फरक आपोआप मोठा मिळतो. पण हवेत पुरेसा मिसळला की तो हवेच्या तापमानाला येतो आणि मग पुन्हा पार्श्वभूमीवर भिस्त.

आता कोणता गॅस. प्रत्येक रेणूची कंपनं वेगळी, म्हणून त्याचा ठसा वेगळा. अमोनियाची दोन टोकदार शिखरं १०.३ आणि १०.७ मायक्रॉनच्या जवळ आहेत, एकदा पाहिली की विसरत नाहीत. मिथेनॉल ९.७ ला, सल्फर डायऑक्साइड ७.३ आणि ८.७ च्या आसपास. हायड्रोकार्बनांचा कार्बन-हायड्रोजन बंध ३.३-३.४ मायक्रॉनला शोषतो. व्हिडिओत दिसणारे बरेचसे कॅमेरे याच अरुंद पट्ट्यापुरते फिल्टर लावलेले असतात. तेलविहिरी आणि नैसर्गिक वायूच्या पाइपलाइनींसाठी ते बनलेत. २०१५ साली कॅलिफोर्नियातल्या अलिसो कॅन्यनच्या भूमिगत साठ्यातून महिनोन्‌महिने मिथेन निसटत होता, तेव्हा साध्या डोळ्यांना दिसत नव्हता तो लोट जगाला याच प्रकारच्या कॅमेऱ्यांनी दाखवला. पण तोच कॅमेरा अमोनियाच्या टाकीसमोर उभा केला तर जवळजवळ आंधळा. आणि १०.३ ते १०.७ मायक्रॉनचा कॅमेरा अमोनिया छान दाखवेल, पण टोल्यूइनसाठी निरुपयोगी, कारण टोल्यूइनचा लांब तरंगलांबीचा जोरदार पट्टा १३.७ ला आहे. ॲसिटोनचा ८.२ ला. म्हणजे 'एकच कॅमेरा' ही कल्पना इथेच ढिली पडते.

आणि क्लोरीन. क्लोरीनच्या रेणूत दोन अगदी सारखे अणू. ते कितीही कंप पावले तरी विद्युतभाराचा तोल ढळत नाही, म्हणून इन्फ्रारेड प्रारणाशी त्याचं देणंघेणंच नाही. हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन यांचंही तेच. तक्रार करायला जागा नाही, कारण नायट्रोजन आणि ऑक्सिजन असे नसते तर हवेतून आरपार काही दिसलंच नसतं. पण क्लोरीनसाठी कोणी इन्फ्रारेड कॅमेरा विकायला आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. हायड्रोजन सल्फाइड तत्त्वतः दिसतो, पण त्याचं शोषण इतकं दुबळं की धोक्याच्या पातळीला दुरून पकडण्याचा भरवसा मी तरी देणार नाही.

कॅमेरा आणि स्पेक्ट्रोमीटर यांतला फरक इथेच येतो. फिल्टरवाला कॅमेरा सांगतो, 'या पट्ट्यात काहीतरी शोषतंय.' काय, ते नाही सांगत. १०.५ च्या आसपास इथिलीन आहे, सल्फर हेक्साफ्लोराइड आहे, अमोनियाच्या दोन शिखरांची कुशी आहे. पडद्यावर तिन्ही सारखाच धूर. ओळख पटवायची तर वर्णपट हवा, म्हणजे कोणत्या तरंगलांबीला किती शोषण याचा आलेख, आणि त्यासाठी बहुतेक ठिकाणी फूरिये रूपांतरणाचा स्पेक्ट्रोमीटर वापरतात. त्याचं हृदय म्हणजे मायकेलसनचा इंटरफेरोमीटर, प्रकाश दोन वाटांनी नेऊन पुन्हा एकत्र आणणारं, सरकत्या आरशाचं उपकरण, जे १८८१ चं आहे. मात्र त्यातून वर्णपट झटपट काढता येऊ लागला तो १९६५ साली कूली आणि टुकी यांनी फूरिये रूपांतरणाची, म्हणजे त्यामागच्या गणिताची, वेगवान रीत प्रसिद्ध केली त्यानंतर आणि संगणक स्वस्त झाल्यावर. आरसा जितका जास्त सरकतो तितका वर्णपट बारीक. हा बारीकपणा म्हणजे विभेदन, त्याचा आकडा जितका लहान तितका वर्णपट बारीक. ४ प्रति सेंटिमीटर विभेदनासाठी प्रकाशमार्गात पाव सेंटिमीटरचा फरक पुरतो, ०.५ साठी दोन सेंटिमीटर लागतो, आणि तेवढाच वेळ व गोंगाट वाढतो. नवशिके नेहमी सर्वांत बारीक विभेदन मागतात. मी बहुतेक वेळा ४ वरच थांबतो, कारण सॉल्व्हंटसारख्या मोठ्या रेणूंचे पट्टे मुळातच रुंद असतात. कार्बन मोनॉक्साइड किंवा हायड्रोजन क्लोराइडसारखे छोटे रेणू पाण्याच्या बारीक रेषांच्या गर्दीतून वेचायचे असतील तेव्हाच खाली उतरतो.

इथपर्यंतचं एका श्वासात: गॅस दिसण्यासाठी त्याला त्या पट्ट्यात शोषण हवं, तुमच्या उपकरणाचा पट्टा तोच हवा, आणि गॅस व पार्श्वभूमी यांच्यात तापमानाचा फरक हवा. तीनपैकी एक शून्य, तर उत्तर शून्य. अंतर चौथ्या नंबरावर येतं. ते येतं दोन वाटांनी: मधल्या हवेतलं बाष्प आणि धूळ वाढते, आणि ढग नजरेच्या एका ठिपक्यापेक्षा लहान झाला की त्याचा संकेत आजूबाजूच्या पार्श्वभूमीत पातळ होतो.

पीपीएमचं. दुरून पाहणाऱ्या अशा उपकरणाला पीपीएम दिसत नाही, पीपीएम-मीटर दिसतं. म्हणजे नजरेच्या रेषेत असलेल्या एकूण गॅसची बेरीज. १ मीटर जाडीच्या ढगात १०० पीपीएम आणि १०० मीटर जाडीच्या ढगात १ पीपीएम, दोन्ही १०० पीपीएम-मीटर, दोन्ही उपकरणाला सारखेच. माणसाला अजिबात सारखे नाहीत. अमोनियाची ३०० पीपीएम ही पातळी जिवाला तत्काळ धोकादायक मानली जाते. पडद्यावर ३०० पीपीएम-मीटर आलं तर तो मीटरभर जाड, जीवघेणा लोट असू शकतो, किंवा आवारभर पसरलेली ३ पीपीएमची झुळूक. शिवाय हा आकडासुद्धा गॅसचं तापमान गृहीत धरून काढलेला असतो. तापमानाचा फरक २ ऐवजी ४ अंश धरला तर विरळ ढगाचं उत्तर निम्मं होतं. म्हणून दूरच्या उपकरणाने 'कुठे' आणि 'काय' विचारावं, 'किती' मात्र जागच्या सेन्सरला. गळतीचा दर हवा असेल तर ढगाच्या आडव्या छेदातल्या सगळ्या गॅसची बेरीज आणि वाऱ्याचा वेग यांचा गुणाकार करावा लागतो, आणि त्यात सर्वांत मोठी चूक बहुधा वाऱ्याचीच असते.

खोटे इशारे हा स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे, मी तीनच सांगतो. पहिली वाफ. गरम पाण्याची वाफ कॅमेऱ्यात अगदी गळतीसारखी उसळते. सवय झालेला माणूस साध्या डोळ्यांनी एकदा बघून घेतो, कारण पाण्याच्या वाफेचा लोट डोळ्यांना पांढरा दिसतो आणि विरतो. दुसरी धूळ आणि वाळू. वाळूतल्या क्वार्ट्झचं स्वतःचं वागणं ८ ते ९.५ मायक्रॉनच्या पट्ट्यात विचित्र असतं, त्यामुळे वाळूच्या ढिगासमोरचा वर्णपट बघून गॅसच आहे असं वाटतं. तिसरा, खरा गॅस पण नको तिथला. एका ठिकाणी रोज पहाटे अमोनियाचा इशारा वाजायचा. उपकरण खरं बोलत होतं. गॅस मात्र टाकीचा नव्हता, वाऱ्याची दिशा बदलली की शेणखताच्या ढिगाकडून येत होता. अल्गोरिदम कितीही सुधारला तरी हा खोटा इशारा जाणार नाही, कारण तो खोटा नाहीच.

या विद्येचा मोठा भाग लष्करातून आला हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. रासायनिक अस्त्रांची बाष्पं दुरून ओळखायला अमेरिकी सैन्याने एम-२१ नावाचं तिपाईवरचं उपकरण वापरलं. ८ ते १२ मायक्रॉनच्या खिडकीत ते काम करी, आणि नर्व्ह एजंटांच्या (मज्जासंस्थेवर घाला घालणाऱ्या विषांच्या) फॉस्फरस-ऑक्सिजन-कार्बन बंधाचं शोषण नेमकं १० मायक्रॉनच्या अलीकडे पडतं. पाच किलोमीटरपर्यंतचा पल्ला सांगितला जाई, पण उपकरण एका जागी उभं असलं तरच. हललं की पार्श्वभूमी बदलते, आणि आधी घेतलेल्या स्वच्छ पार्श्वभूमीशी तुलना करण्याची सोय संपते. पुढच्या पिढीच्या उपकरणांत मुख्य मेहनत या एकाच गोष्टीवर झाली: स्वच्छ पार्श्वभूमी हाताशी नसताना ती गणिताने कशी उभी करायची. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचं ॲस्पेक्ट नावाचं विमान २००१ पासून हेच काम आकाशातून करतं. तुमचा कॅमेरा फिरत्या माथ्यावर बसवणार असाल तर हीच अडचण छोट्या रूपात तुमच्याकडे येईल. फिरता माथा थांब्या-थांब्याने फिरवा, आणि प्रत्येक थांब्याची स्वतःची पार्श्वभूमी दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी साठवून ठेवा.

पार्श्वभूमीच्या कटकटीतून सुटायचं असेल तर उजेड स्वतःचा न्यावा लागतो. लेसर किंवा तापलेला स्रोत एका टोकाला, परावर्तक दुसऱ्या टोकाला, आणि मधल्या रेषेवरचं शोषण मोजायचं. तापमानाच्या फरकाची गरजच उरत नाही, संध्याकाळी आंधळेपणा येत नाही. मिथेनसाठी १.६५ मायक्रॉनचे डायोड लेसर बरेच रुळलेत. १९९४ मध्ये बेल लॅब्जमध्ये क्वांटम कॅस्केड लेसर आला तेव्हापासून लांब तरंगलांबीचा प्रदेशही लेसरांना खुला झाला. किंमत अशी की ही नजर एका रेषेपुरतीच. गॅस रेषेच्या दोन मीटर वरून गेला तर गेला. टाक्यांच्या भोवतीच्या बंधाऱ्याच्या कडेने अशी रेषा टाकायला मात्र ती उत्तम, विशेषतः जमिनीलगत वाहणाऱ्या सॉल्व्हंटच्या वाफेसाठी.

एक आगाऊ सूचना, कारण ही चूक मी स्वतः पाहिली आहे. पावसापासून जपायचं म्हणून एकाने लांब तरंगलांबीचा कॅमेरा छानशा काचेच्या पेटीत बसवला होता. साधी काच ५ मायक्रॉनच्या पुढे भिंतीसारखी अपारदर्शक असते. कॅमेरा कित्येक दिवस काचेचंच तापमान इमानेइतबारे नोंदवत होता. जर्मेनियम किंवा झिंक सेलेनाइडची खिडकी लागते, आणि ती स्वच्छ ठेवावी लागते.

चाचणीचंही सांगून ठेवतो. पूर्वी लोक सर्रास सल्फर हेक्साफ्लोराइड सोडून बघायचे, कारण तो विषारी नाही आणि १०.५५ ला जबरदस्त शोषतो. पण शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २३,५०० पट तापमानवाढ करतो, तेव्हा तो नाद सोडा. मी पातळ पॉलिथीनच्या पिशवीत मोजून थोडा गॅस भरून ती पार्श्वभूमीसमोर धरतो. पातळ पॉलिथीन १० मायक्रॉनच्या आसपास जवळजवळ पारदर्शक असतं, पिशवीची जाडी माहीत असते, म्हणजे पीपीएम-मीटर तुमच्या हातात. अमोनिया भरणार असाल तर उघड्यावर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभं राहून आणि सुरक्षा अधिकाऱ्याच्या देखत. हा खेळ ३.४ मायक्रॉनच्या कॅमेऱ्यासमोर मात्र चालत नाही, कारण पॉलिथीन स्वतःच कार्बन-हायड्रोजनचं बनलेलं. रिकामी पिशवीही गॅससारखी दिसते!

तुमच्या जागी मी असतो तर खरेदीआधी आठवडाभर एक काम केलं असतं. साधा, भाड्याचा थर्मल कॅमेरा घेऊन ठरवलेल्या जागेवरून प्रत्येक टाकीच्या मागच्या पार्श्वभूमीचं तापमान दर अर्ध्या तासाला नोंदवलं असतं, शेजारी हवेचं तापमान. फरक २-३ अंशांच्या आत किती तास राहतो ते मोजलं असतं. ते तास म्हणजे तुमच्या यंत्रणेचे आंधळे तास. ते दिवसातून एखाद-दुसरा असतील आणि टँकर रिकामे करण्याच्या वेळेत येत नसतील, तर अमोनियाच्या बाजूला १० मायक्रॉनचा कॅमेरा आकाशाकडे तोंड करून आणि सॉल्व्हंटच्या बंधाऱ्याभोवती लेसरची रेषा, एवढ्यावर मी सुरुवात केली असती. ते तास नेमके टँकरच्या वेळेत येत असतील तर कॅमेऱ्याची जागा बदलून पुन्हा आठवडाभर मोजलं असतं. क्लोरीनच्या कोपऱ्यातले सेन्सर तसेच ठेवले असते, फक्त क्लोरीन हवेपेक्षा अडीच पट जड असल्यामुळे ते डोक्याच्या उंचीवर टांगलेले असतील तर खाली आणले असते.